लाईट गेली की नेट सुधरतं, तासाभराने परत गचाळ. राऊटरमध्ये कोणी घुसलंय का?

फैजपूरचा_फॉर्मवाला

राम राम मंडळी. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे माझं, खाली दुकान वर घर, दोन्हीला एकच फायबरचं कनेक्शन. ऑपरेटरने बसवून दिलेला पांढरा डबा आहे, दोन अँटेनावाला, त्यातच फायबर येते आणि त्यातूनच वायफाय. तीन आठवडे झाले, नेट इतकं रखडतं की पीकविम्याला सातबारा अपलोड करायला घेतला तर गोल फिरतच राहतं, समोर बाकड्यावर केळीवाले शेतकरी बसलेले असतात ते माझ्याकडे बघतात आणि मी स्क्रीनकडे. वरून गूगल दर दोन सर्चला विचारतं तुम्ही रोबोट आहात का, मग बसा ट्रॅफिक सिग्नलचे चौकोन निवडत, आमच्या गावात एक सिग्नल नाही तरी.

आता खरी गंमत. लाईट जाऊन आली की नेट एकदम मक्खन. अर्धा तास, फार तर तासभर. मग परत तेच. म्हणजे ज्या दिवशी लाईटची जास्त ये-जा त्या दिवशी माझा धंदा चांगला, असं पहिल्यांदाच होऊन राहिलं.

पुण्याला मावसभाऊ आयटीत आहे, त्याला विचारलं तर म्हणे कमांड इंजेक्शन झालं असेल, डबा फेकून दे, आणि फोन ठेवला, त्याची मीटिंग होती. इंजेक्शन म्हटलं की मला गावातला डॉक्टरच आठवतो. दीड-दोन हजाराचा डबा असाच कसा फेकू? वायफायचा पासवर्ड सोळा अक्षरी आहे, बायकोलासुद्धा पाठ नाही. मग घुसलं कोण आणि कुठून?

अमळनेर_एक्सप्रेस

फॅक्टरी रिसेट मार भो. मागच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धर. माझं त्यानेच सुधरलं होतं.

तापीकाठी

मारशील रिसेट, पण आधी पीपीपीओईचा, म्हणजे ऑपरेटरच्या नेटला जोडायचा, युजरनेम पासवर्ड लिहून घे, नाहीतर सगळं कोरं होईल आणि ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत दोन दिवस दुकान बंद. मी हा पराक्रम दिवाळीच्या तोंडावर केलेला आहे.

चोपड्याचा_टेस्टर

मावसभाऊ बरोबर बोलला पण अर्धंच बोलला. राऊटरचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर, टेस्ट करणं हेच माझं रोजचं काम आहे, जेवण होईपर्यंत टाईप करतो, लांब होईल.

राऊटर म्हणजे एक छोटा लिनक्सचा कॉम्प्युटर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की जे पान उघडतं त्यात कुठेतरी डायग्नोस्टिक नावाचा टॅब असतो आणि त्यात पिंगचा रकाना, पिंग म्हणजे समोरचा पत्ता जागा आहे का ते हाक मारून बघणं. तू तिथे ८.८.८.८ लिहितो, बटन दाबतो, खाली चार ओळी येतात, झालं. आत काय होतं ते बघ. ज्याने ते पान बनवलं त्याने अर्धं वाक्य आधीच लिहून ठेवलंय, की पिंग कर, चार वेळा, अमुक पत्त्यावर. त्या अमुकच्या जागी तू टाईप केलेलं जसंच्या तसं चिकटवायचं आणि अख्खी ओळ शेलच्या हातात द्यायची. शेल म्हणजे लिनक्समधला हुकूम पाळणारा. आता शेलच्या भाषेत सेमीकोलन, आपला शाळेतला अर्धविराम, याचा अर्थ एक हुकूम संपला, आता पुढचा ऐक. मग कोणी पत्त्यानंतर अर्धविराम देऊन पुढे लिहिलं की तमक्या सर्व्हरवरून फाईल उतरव आणि चालव, तर शेल मुकाट्याने पिंगही करतं आणि फाईलही चालवतं. तेही रूट म्हणून, म्हणजे डब्याचा सर्वाधिकारी मालक म्हणून, कारण या स्वस्त डब्यांत जवळपास सगळंच रूटच्या अधिकारात चालतं. याला म्हणतात कमांड इंजेक्शन. सुई नाही न् औषध नाही, एक अर्धविराम.

शेतातलं उदाहरण देतो. मालकाने चिठ्ठी लिहिली, 'बाजारातून आणायचं', पुढची जागा मोकळी सोडली आणि चिठ्ठी ओट्यावर ठेवून दिली, ज्याला जे पाहिजे ते लिहा. कोणीतरी लिहिलं, दोन किलो साखर, आणि जाताना विहिरीवरची मोटर खोलून चौफुलीवर उभ्या असलेल्या टेम्पोत टाक. सालदार चिठ्ठी घेऊन निघाला, साखर आली आणि मोटर गेली.

लाईटचं कोडं पण सोपं आहे. डब्याची मुख्य सिस्टीम ज्या भागात असते तो बहुतेक वेळा फक्त वाचायचा असतो, तिथे लिहिता येत नाही. बाहेरून उतरवलेली फाईल रॅममध्ये बसते. लाईट गेली, रॅम पुसली गेली, किडा मेला. पण भोक तसंच. बाहेर आधीच लागण झालेले हजारो डबे रात्रंदिवस एकेक आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, चाचपत बसलेत, तुझा नंबर फिरून येतो. २०१६ चा मिराई असाच होता, रिबूट केला की मरायचा आणि थोड्या वेळात परत चिकटायचा. तो सुरुवातीला फॅक्टरीचेच पासवर्ड लावून बघायचा, अॅडमिन अॅडमिन वगैरे, पण त्याचा सोर्स कोड त्याच वर्षी उघड्यावर आला आणि मग ज्याने त्याने त्यात कमांड इंजेक्शनची भोकं जोडून आपापलं वाण काढलं. सगळेच किडे लाईटीने मरतात असंही समजू नको, २०१८ चा व्हीपीएनफिल्टर रिबूटनंतरही मूळ धरून राहायचा.

तेव्हा रिसेट मारून, लाईट घालवून काही होत नाही. ती कपाशीवरची फवारणी झाली, अळी मरते पण पतंग शेजारच्या शेतातून परत येतो.

एरंडोल_चौफुली

सालदाराला इतका भोळा समजू नको टेस्टरभाऊ. आमचा सालदार अशी चिठ्ठी बघून जागेवरून मला फोन करेल, मोटर कायले खोलनी म्हणून. वरून आखाजीला हिशोब करताना ऐकवेल ते वेगळं.

चोपड्याचा_टेस्टर

मान्य, चुकलो. आणि तू नेमका मुद्दाच सांगितला. तो फोन म्हणजे इनपुट व्हॅलिडेशन. राऊटर बनवणाऱ्याने तो फोन करायची सोयच ठेवलेली नसते. पत्त्याच्या रकान्यात आकडे आणि टिंबं सोडून दुसरं काही आलं तर परत पाठव, एवढं दोन ओळीत होतं. आणि त्याहून चांगलं म्हणजे शेलला मध्ये आणायचंच नाही, पिंगच्या प्रोग्रामला पत्ता वेगळा हातात द्यायचा, मग त्यात अर्धविराम असो की अजून काही, पिंग म्हणेल हा पत्ता मला कळत नाही आणि गप्प बसेल.

देवपूरची_मास्तरीण

पॉलिटेक्निकला शिकवते म्हणून राहवत नाही. मुलं प्रोजेक्टमध्ये हेच करतात आणि चूक दाखवली की अर्धविराम तेवढा गाळून आणतात, मॅडम झालं. मग मी उभी पाइपची रेघ टाकून दाखवते, ती पण गाळतात. मग दोन अँपरसँड. मग उलटं अवतरण चिन्ह. मग डॉलर आणि कंस. मग नुसती नवीन ओळ. कुलूप लावायचं सोडून चोरांच्या नावांची यादी भिंतीवर चिकटवण्यासारखं आहे ते, आणि मोठ्या कंपन्यांनीसुद्धा असे अर्धवट पॅच, म्हणजे दुरुस्तीची ठिगळं, काढलेत.

आता फॉर्मवाल्या दादांच्या सोळा अक्षरांबद्दल. वायफायचा पासवर्ड हवेतून येणाऱ्यासाठी आहे. इथे माणूस फायबरमधून, इंटरनेटच्या बाजूने येतो, त्याला तुमचा वायफाय दिसतही नाही. राऊटरचं सेटिंगचं पान बाहेरून उघडत असेल, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट चालू असेल, तर तो सरळ तिथे जातो. तुम्ही म्हणाल पान उघडलं तरी लॉगिन मागेल ना. २०१८ मध्ये दासान नावाच्या कोरियन कंपनीच्या जीपॉन राऊटरमध्ये काय निघालं माहितीये? पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि इमेजेस एवढं जोडलं की लॉगिनच मागायचं नाही, त्याला वाटायचं कोणी चित्र मागतंय. आणि आत गेल्यावर दुसरं भोक कुठे, तर हाच पिंगचा रकाना. तेव्हा असे दहा लाखांवर डबे इंटरनेटवर उघडे पडलेले होते आणि बातमी फुटल्यावर थोड्याच दिवसांत चार-पाच बॉटनेट, म्हणजे लागण झालेल्या डब्यांच्या टोळ्या, त्यांच्यावर तुटून पडले, एकमेकांना हुसकावत.

फैजपूरचा_फॉर्मवाला

मॅडम, जीपॉन तर माझ्या डब्यावर पण लिहिलंय! आता झोप उडाली.

देवपूरची_मास्तरीण

अहो घाबरू नका, जीपॉन ही फायबरची पद्धत आहे, कंपनीचं नाव नाही, अर्ध्या खान्देशच्या डब्यांवर ते लिहिलेलं असेल. डब्याच्या खालचं स्टिकर बघा, मॉडेल नंबर आणि आतलं फर्मवेअर व्हर्जन, त्यावरून कळेल.

चोपड्याचा_टेस्टर

आणि स्वस्त लोकल डब्यातच होतं असं नाही. टीपी-लिंकचा आर्चर एएक्स२१, चांगला खपाचा राऊटर, त्यात देश निवडायच्या रकान्यात भोक होतं. देश! भारत की जर्मनी एवढंच सांगायची जागा. लॉगिनशिवाय. २०२२ च्या डिसेंबरमध्ये टोरँटोला हॅकिंगची स्पर्धा असते तिथे ते दाखवलं गेलं, मार्च २०२३ ला कंपनीने फर्मवेअर सुधारून दिलं, आणि एप्रिलमध्येच मिराईवाले त्याच्यावर तुटून पडले. म्हणजे दुरुस्ती आली होती, पण घरोघरी कोण बसवणार. टीव्ही घेतला की रिमोटचं सेलोफेन काढत नाही आपण, राऊटरचं फर्मवेअर काय घेऊन बसलात.

आणि आतूनही येता येतं बरं का. नेटगियरच्या काही मॉडेलांत २०१६ च्या डिसेंबरला असं निघालं की वेबपत्त्यातच अर्धविराम देऊन हुकूम चालतो. तुम्ही घरात बसून कुठलंतरी भलतं पान उघडलं, त्या पानाने तुमच्या ब्राउझरकडूनच राऊटरला तो पत्ता मागवला, खलास. रिमोट मॅनेजमेंट बंद असून काही उपयोग नाही, कारण मागणारा घरातलाच. अमेरिकेच्या सर्टवाल्यांनी, म्हणजे सायबर सुरक्षेचे इशारे देणाऱ्यांनी, तर सरळ सांगितलं की पॅच येईपर्यंत हे राऊटर वापरूच नका. आणि ज्यांना वापरणं भागच होतं त्यांच्यासाठी एकाने जुगाड काढला तो मला आजही आवडतो, की याच भोकातून आत हुकूम द्या आणि राऊटरचं वेब पानच मारून टाका, म्हणजे पुढच्याला यायला दारच नाही. पुढच्या रिबूटपर्यंत.

फॉर्मवाल्या भाऊ, आता एक काम कर. स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे डब्याला ऑपरेटरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघ. १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे एकाच बाहेरच्या आयपीमागे कितीतरी घरं. मग गूगलचा रोबोटवाला प्रश्न तुझ्या पापामुळे की शेजाऱ्याच्या हे नुसतं त्यावरून सांगता येत नाही. रात्री घरातलं आणि दुकानातलं सगळं बंद कर, खरंच सगळं, आणि पाठवलेल्या पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, आकडा बघत बस. तो खोटं बोलत नाही.

रावेरचा_पिलबाग

भारी सांगं भाऊ. मन्हाकडे बी तोच डबा शे, मी बी आज रातले करी देखस.

फैजपूरचा_फॉर्मवाला

केलं. साडेअकराला सगळ्यांचे मोबाईल एअरप्लेन मोडला टाकले, पोरगी रुसली, टीव्हीचा प्लग काढला, दुकानाचा प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर सगळं बंद. फक्त लॅपटॉप केबलने जोडला आणि त्यात दुसरं काही उघडं ठेवलं नाही. स्टेटसचं पान दर मिनिटाला रिफ्रेश करत होतो. येणारा आकडा हळूहळू, आणि जाणारा आकडा पळतोय, बंद घरात विजेचं मीटर गरगर फिरावं तसा. अंगावर काटा आला खरंच. डबा शांत बसलेला, हिरवे दिवे, आणि आतून कोणाला तरी बदडतोय.

मग मेन स्विचवरून बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. आकडा जवळपास स्थिर. मी जागाच राहिलो, चहा केला. बाराच्या पुढे कधीतरी परत सुटला.

वॅन आयपी १०० नेच सुरू होतो, दुसरा आकडा ७०. रिमोट मॅनेजमेंट चालू, पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा नंबर, ८०८०. अॅडमिनचा पासवर्ड अॅडमिनच, तो मी कधी बदललाच नाही, वायफायलाच सोळा अक्षरं लावली होती. आणि डीएनएसच्या जागी पहिला आकडा कुठला आहे तो मला ओळखीचा नाही.

पण टेस्टरभाऊ, सीजीनॅटच्या मागे आहे तर बाहेरचा थेट येईल कसा?

चोपड्याचा_टेस्टर

बाहेरचा नाही येत सहसा. आतला येतो. एकाच ऑपरेटरच्या नेटवर्कमध्ये तुझ्यासारखे शेकडो डबे १०० च्या आयपीवर बसलेत, ऑपरेटरने ग्राहकाला ग्राहकापासून वेगळं केलेलं नसेल तर ते एकमेकांना दिसतात. तू रिबूट केल्यावर पाऊण तासात परत आला तो कदाचित सावद्याचा किंवा यावलचा एखादा डबा असेल, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

डीएनएसचं आधी बघ, ते सगळ्यात वाईट. तुझ्या दुकानात लोकांचे आधार, बँक पासबुक. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, तोच चोराचा असेल तर तू बँकेचं नाव टाकशील आणि तो भलतीकडे पाठवेल. ब्राउझर सर्टिफिकेटची वॉर्निंग देतो अशा वेळी, ती तू गेल्या तीन आठवड्यात कधी 'पुढे जा' करून ओलांडली आहेस का ते आठव. ओलांडली असेल तर आधी मोबाईल डेटावरून पासवर्ड बदल, मग राऊटरकडे वळ.

केबल_आपला_माणूस

शिव्या खायला आलोय, खाऊ घाला. मी यांचा ऑपरेटर नाही पण पाचोऱ्याकडे हाच धंदा आहे, सातशे कनेक्शन. रिमोट मॅनेजमेंट आम्हीच चालू ठेवतो, खरं आहे. का ठेवतो ते पण ऐका. रात्री अकराला फोन येतो भाऊ नेट बंद आहे मॅच चालू आहे, आणि बघायला जावं तर पोराने वायफायचं नाव बदललेलं असतं नाहीतर उंदराने केबल खाल्लेली असते. मे महिन्यात ४५ डिग्रीत मोटरसायकलवर वीस किलोमीटर जाऊन मी फक्त बटन दाबून आलेलो आहे. मग घरबसल्या डबा उघडता आला तर कोणाला नको. चारशे रुपये महिन्यात यापेक्षा जास्त माणसं ठेवता येत नाहीत.

पण तुमचं वाचून आज बसलो. आपल्या ऑफिसच्या आयपीवरूनच उघडेल असं बंधन टाकता येतं, ते मी कधी टाकलंच नव्हतं, एका ओळीचं काम होतं. ग्राहक वेगळे करायची सेटिंग ओएलटीवर, म्हणजे आमच्याकडच्या मुख्य फायबर मशीनवर, असते, ती पण बंदच निघाली. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

डब्यांचं मात्र आमच्या हातात नाही. आम्ही लॉटमध्ये घेतो, वर कोणाचंही नाव असो, आत चिप आणि सॉफ्टवेअर एकाच घरचं. फर्मवेअर मागितलं तर सप्लायर म्हणतो नवीन मॉडेल घ्या.

देवपूरची_मास्तरीण

केबलदादा, खरं बोललात म्हणून नमस्कार. आणि एकाच घरचं हे अगदी खरं. २०२१ मध्ये रिअलटेकच्या चिपसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशीच भोकं निघाली तेव्हा किमान ६५ कंपन्यांचे डबे त्यात आले. ऑपरेटर स्वतःसाठी जी खिडकी ठेवतो तिचंही एक उदाहरण आहे, २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत. ७५४७ नंबरच्या पोर्टवरून डब्याला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव देता येतं, त्या नावाच्या जागी हुकूम घुसवून पाठवले. तिथल्या डब्यांवर तो हुकूम चाललासुद्धा नाही, नुसत्या माऱ्याने ते गुडघे टेकून बसले, आणि नऊ लाखांच्या आसपास घरांचं नेट गेलं.

फॉर्मवाले दादा, सर्ट-इनचं, म्हणजे आपल्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं, सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ पासून, तिथे लॅपटॉप-मोबाईल साफ करायची टूल फुकट मिळतात. राऊटर त्याने साफ होणार नाही, पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकदा चालवा.

फैजपूरचा_फॉर्मवाला

अपडेट देतो, आठ दिवस झाले.

रिमोट मॅनेजमेंट बंद केलं, अॅडमिनचा पासवर्ड बदलला, यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपोआप बाहेरचं दार उघडून देणारी सोय) बंद, डीएनएस हाताने भरला, मग रिबूट. दोन दिवस एकदम चांगलं. तिसऱ्या दिवशी रात्री आकडा परत पळायला लागला. म्हणजे दार लावलं तरी खिडकी कुठली ते मला सापडलं नाही. फर्मवेअर २०१९ चं निघालं आणि कंपनीच्या साईटवर तो मॉडेलच नाही आता.

मग ऑपरेटरकडे गेलो, आधी तो म्हणाला तुम्ही जास्त डिव्हाईस लावता. मी त्याला केबलदादांचं उत्तर वाचून दाखवलं. गप्प बसला आणि म्हणाला याच लॉटचे अजून डबे आहेत गावात, तेही तक्रार करून राहिले. आता जुना डबा ब्रिज मोडला टाकून, म्हणजे नेट नुसतं पुढे द्यायला ठेवून, पुढे नवीन राऊटर लावायचं म्हणत होता, टेस्टरभाऊंना मेसेज केला तर ते म्हणाले जमत असेल तर डबाच बदल. शेवटी नवीन ओएनटी, म्हणजे फायबर येते तो डबा, घेतला, १६०० रुपये, निम्मे त्याने सोसले. घेताना पहिला प्रश्न विचारला की याला फर्मवेअर किती वर्षं मिळेल, दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं जसं मी केळीच्या घडाची एक्स्पायरी विचारली.

सर्टिफिकेटची वॉर्निंग एकदा ओलांडली होती, आठवलं. विम्याच्या शेवटच्या दिवशी, घाईत. स्वतःचे पासवर्ड बदलले, आणि त्या दिवशी ज्यांचे फॉर्म भरले होते त्या अकरा जणांना फोन करून बँकेची एंट्री तपासायला सांगितली. एकाचंही काही गेलेलं नाही. एक आजोबा म्हणाले, खात्यात असतं तर गेलं असतं.

रात्री परत ती मोबाईल बंद करून बसायची परीक्षा घेतली. आकडा गप्प.

तापीकाठी

मस्त. तो जुना डबा काय केला मग? फेकणार असशील तर मला दे, गोठ्यात कॅमेरा लावायचाय, तिथे काय एवढं महत्त्वाचं नाही.

चोपड्याचा_टेस्टर

अरे देवा.

फैजपूरचा_फॉर्मवाला

तापीभाऊ, डबा मी खोलला. फायबरचं तोंड कापलं आणि बोर्डाचे दोन तुकडे केलेत. अडॅप्टर चांगला आहे, १२ व्होल्टचा, तो पाहिजे तर ने.